मोहन नगरातल्या जागांची नावे नोंदवणाऱ्यांस सूचना

2004 च्या जैवविविधता नियमांनी ठरवले की ग्रामपंचायत असो वा महानगरपालिका, प्रत्येकीने आपल्या हद्दीची लोक जैवविविधता नोंदवही करावी; तिच्या तक्त्यांत झाडे, पाणी, माती, जागा स्थानिक नावांसकट येतात. पुढची पंधरा वर्षे देशाने यावर शांतपणे विचार केला. मग 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, ती चुकली तर राज्याला महिन्याला 10 लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, आणि नोंदवह्यांना बहर आला. तो टिकावा म्हणून या सूचना. दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात राहणारे, भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले मराठी काका डोळ्यांसमोर ठेवून त्या लिहिल्या आहेत, भंडारा-गोंदियाकडेही चालतील.

पाहणीला भर मे महिन्यात, दुपारी बारानंतर निघावे. त्या वेळी रस्त्यावर कोणी भेटत नाही, त्यामुळे कोणाचे म्हणणे लिहून घ्यावे लागत नाही.

तरीही विचारायची हौस असेल तर घरमालकाला विचारा, त्याला प्लॉट नंबर पाठ असतो. आसपासच्या खेड्यांतून भाजी घेऊन येणारी बाई मात्र कटाक्षाने टाळा. तुम्ही एका तळ्याबद्दल विचाराल, तर ती बायकांची पचरी (म्हणजे घाट) कोणती, पुरुषांची कोणती, म्हशी कुठून उतरतात, हे सगळे सांगेल. तक्त्यात तळ्याला एकच रकाना आहे.

मातीचेही तसेच. शेतकरी कन्हार, डोरसा, मटासी, भाठा अशी यादी सुरू करेल. कन्हार काळी आणि ओल धरणारी, धानानंतर दुसरे पीक देणारी. मटासी पिवळसर, धानाची. डोरसा या दोघींच्या मधली. भाठा म्हणजे मुरमाड माळ. तिथे पीक येत नाही, म्हणून पुष्कळदा वस्ती येते. एका नावात मातीचा रंग, पाणी, पीक आणि गावाचा विस्तार एवढे सगळे मावत असेल, तर पाहणी करणाऱ्यांनी काय करायचे? ‘लाल / काळी / इतर’ यांपैकी ‘इतर’वर खूण करून पुढे चला.

तळे बुजवून घरे झाली असतील तर नोंदवू नका. पावसाळ्यात ते आपली नोंद स्वतःच करते, तळमजल्यावर.

तळ्याच्या मालकीत शिरणे तर धोक्याचेच. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात फायलींमध्ये त्यांचे ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांनी, कार्यालयांनीही, त्याचे थेट ‘मामा तलाव’ केले. मामाकडून लाड करून घ्यायचे असतात. त्याचा गाळ काढायचा असतो हे कोणत्या भाच्याला सुचणार?

शक्य तिथे नावाऐवजी आकडा वापरा. भिलाईच्या टाउनशिपमध्ये सेक्टरांना 1 ते 10 आकडे घालून हा प्रयोग जवळजवळ यशस्वी झाला होता. पण रिसाली, मरोदा, रुआबांधा ही गावे नावासकट आत शिरली ती शिरलीच. भिलाईत एका स्टेशनाचे नाव तर चक्क ‘भिलाई पॉवर हाऊस’ आहे. रेल्वेनेही तिथे हात टेकले. (इंग्रज साहेबाने हात टेकले नाहीत. त्याने 1910 च्या गॅझेटिअरात दुर्ग जिल्ह्याचे स्पेलिंग असे केले की आजही औषधविक्रेता दचकेल.)

आता राहिली पडताळणी. तयार नोंदवही लोकांसमोर वाचून दाखवायची आणि हरकती मागवायच्या, ही लोकशाहीची रीत आहे, ती मोडू नका. मुदत एक दिवसाची ठेवा आणि तो दिवस पोळ्याचा निवडा. छत्तीसगडी घरांतही त्याच दिवशी पोरा असतो, त्यामुळे दोन्ही भाषांतले हरकतदार एकदमच बैलांमागे लागलेले असतात. ज्यांच्याकडे बैल उरलेले नाहीत, त्यांच्या तोंडात ठेठरी-खुरमी असते.