हायएस्ट पॅकेज साहेबांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. हायएस्ट पॅकेज साहेब,
मुक्काम फ्लेक्स, महामार्गाच्या कडेला, लाखनी, जि. भंडारा.



जूनपासून आपण इंजिनिअरिंग कॉलेजच्या फ्लेक्सवर लाखनीत मुक्कामी आहात. नागपूरहून साकोलीकडे जाणारी प्रत्येक गाडी आपलं दर्शन घेऊन पुढे जाते. '४४ लाख' हा आकडा एवढा मोठा की शेजारच्या मुलाचा चेहरा पासपोर्ट फोटोएवढा दिसतो. त्याचं मनापासून अभिनंदन. फक्त त्याच्या वर्गातली बाकीची मुलं कुठे आहेत? मी फ्लेक्सच्या मागे जाऊनही पाहून आलो. मागे बांबू आहेत.

विचारायचं कारण असं की आमच्या पोराने आपल्याला देव मानलं आहे. प्रवेशाचा कॅप राउंड आणि रोवणी एकाच वेळी यावी ही कुणाची योजना आहे ठाऊक नाही. मी बांधीत गुडघाभर चिखलात, आणि हा धुऱ्यावर मोबाइल घेऊन ऑप्शन फॉर्म भरतोय. पहिली पसंती कॉम्प्युटर, दुसरी कॉम्प्युटर, तिसरी एआय-डीएस, म्हणजे पुन्हा कॉम्प्युटरच. मी नुसतं 'सिव्हिल' म्हणालो, तर बैल हाकायला सांगितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

मग बँकेत गेलो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. लगेच 'सहकर्जदार' या रकान्यावर बोट आलं. म्हणजे शिकणार तो आणि अडकणार दोघं.

घरी येऊन कृषी केंद्राच्या बिलामागे हिशेब मांडला. वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. व्याज १० टक्के धरलं. शिक्षण संपून वर्षभर हप्ता नाही, हे बँक फार प्रेमाने सांगते. पण व्याज काही सुट्टीवर जात नाही. पहिल्या दीड लाखावर ते पाच वर्षं चढतं, शेवटच्यावर दोन. सरळव्याजानेच २ लाख १० हजार झाले. हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर ८ लाख १० हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १०,७००.

मला रुपयांतलं नीट कळत नाही, म्हणून धानात मोजलं. २०२५-२६चा साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये. म्हणजे दर महिन्याला साडेचार क्विंटल, वर्षाला ५४. एकरी अठरा उतरले तर तीन एकरांचं अख्खं पीक. खत, मजुरी आणि तुडतुडा जमेस न धरता. २०२४-२५च्या हंगामाला हेक्टरी २० हजारांचा बोनस मिळाला, तोही दोन हेक्टरांपुरताच, म्हणजे फार तर ४० हजार. त्यात तीन हप्ते जातात, चौथ्याला कमी पडतात.

आता आपल्या घरची गोष्ट. आपले धाकटे बंधू श्री. सुरुवातीचं पॅकेज फ्लेक्सवर कधी दिसत नाहीत. मोठ्या आयटी कंपन्या नव्या इंजिनिअरांची घाऊक भरती साडेतीन लाखांच्या आसपास करतात. टीसीएसचा ३ लाख ३६ हजारांचा आकडा तर कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ आहे. महिन्याचे २८ हजार. पीएफ वगैरे जाऊन २४ हातात आले असं समजू. हप्ता दिल्यावर १३,३००. त्यात हिंजवडीची कॉट, मेस आणि दिवाळीला गावी यायचं तिकीट. १५ वर्षांपूर्वीही हे बंधू तीन लाखांच्या वरच कुठेतरी होते. धानाचा हमीभाव २०१०-११ साली १,००० होता. साहेब, ज्या धानाला कंटाळून पोरगं आपल्या मागे लागलं, ते धान दुपटीच्या वर गेलं आणि आपले बंधू जागचे हलले नाहीत. हे वाक्य लिहिताना मला जरा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

त्यातच २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांसाठी जागांवरची कमाल मर्यादा उठवली. आपल्या दर्शनाची रांग आणखी लांबली.

सवलती नाहीत असं नाही. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर हप्ता सुरू होण्याआधीच्या मुदतीतलं व्याज केंद्र सरकार भरतं. पण त्यासाठी कॉलेजला नॅकचं किंवा कोर्सला एनबीएचं मानांकन लागतं. हे छापायला फ्लेक्सवर जागा उरली नसावी. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी मुलींना तर २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण शुल्क माफ आहे, म्हणून आमची धाकटी भावाला सध्या रोज हिणवते.

गैरसमज नको. पोराला शिकवायचंच आहे, आणि त्याचा हात खरंच कॉम्प्युटरवर चालतो. गेल्या वर्षी पीएम किसानची माझी अडलेली ई-केवायसी त्यानेच रात्री दहा वाजता करून दिली. माझं भांडण शिक्षणाशी नाही, आपल्या एकट्याच्या फोटोशी आहे.

म्हणून एकच विनंती. आपल्या कॉलेजला सांगा, नोकरी लागलेल्या सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करा आणि बरोबर मधल्या मुलाचा पगार छापा. एनआयआरएफच्या क्रमवारीत उतरणाऱ्या कॉलेजांना हा आकडा द्यावाच लागतो, तेव्हा तो कपाटात असणार. शेजारी किती मुलांना नोकरी लागलीच नाही, तेही लिहा. फोटो नाही दिला तरी चालेल.

उत्तर लवकर द्यावं. ऑप्शन फॉर्म अजून पक्का केलेला नाही, आणि सहकर्जदाराची सहीही बाकी आहे.

आपला,
एक बाप, लाखनी