पोरगं कुठं ठेवू?

संक्रांत आणि निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात पेठापेठांत हळदीकुंकवाचे मांडव पडतात. पैठणीचे खेळ होतात, डबे वाटले जातात, इच्छुक हात जोडून 'ताई, लक्ष असू द्या' म्हणत फिरतात. 'तुम्ही कामावर जाता तेव्हा मूल कुणाजवळ असतं?' हा प्रश्न त्यातल्या एकाही माईकवरून मी आजवर ऐकलेला नाही.

आजरा-चंदगडच्या काजू कारखान्यांत बघा. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलेल्या बायका मान खाली घालून काम उपसत असतात. घरी तीन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर त्याच्यासाठी अंगणवाडी म्हणजे घरपोच आहार, वजन आणि लस. दिवसभर ठेवायची सोय तिथं नाही. तिनाच्या पुढचं मूल अंगणवाडीत बसतं, पण ती दुपारी सुटते आणि आई सुटते संध्याकाळी. मग सासू असली तर सासू, नाहीतर सातवी-आठवीतली थोरली शाळा बुडवते. आईची हजेरी लागावी म्हणून लेकीची गैरहजेरी लागते.

कायदा नाही असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात पुढं दुरुस्ती होऊन 30 पेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं झालं होतं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायदा सुधारला, तेव्हा 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा मिळाली. पण हुपरीत घरी बसून चांदीचं काम करणारी, इचलकरंजीत कांड्या भरणारी, राजारामपुरीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई या आकड्यांत बसतच नाही. सरकारला तिची मजुरीही दिसत नाही आणि तिचं पोरगंही.

ऊसतोडीला बीडहून येणारी आई तर फडातच पोर निजवते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल नवऱ्याच्या हातात पडते. तिचं मत बीडला आहे आणि मूल आपल्या शिवारात. तिच्या वतीनं इथल्या बायकांनीच बोलायला हवं.

बायकांना राजकारण कळत नाही, हे ऐकून मला संताप येतो. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा याच बायकांनी आधार, रेशनकार्ड, पासबुक गोळा करून रांगा लावल्या, अर्ज फेटाळला तर परत भरला. महिना 1500 रुपये त्यांच्या हक्काचे आहेत आणि ते मिळालेच पाहिजेत. पण दिवसभर मूल सांभाळायला माणूस त्यात मिळत नाही. मतासाठी पैसे खात्यावर आले, तसं पाळणाघर आपण होऊन येणार नाही. ते मागावं लागेल.

मागायची जागा आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. किती गावांत ही महिला सभा खरोखर भरते आणि किती ठिकाणी घरी वही फिरवून सह्या घेतल्या जातात, हे प्रत्येकीला आपापल्या गावाचं ठाऊक आहे. केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची तरतूद आहे. तेवढा ठराव करा. मात्र हे काम अंगणवाडी सेविकेच्याच गळ्यात मारू नका. त्याच बायका 4 डिसेंबर 2023 पासून पुढच्या जानेवारीपर्यंत मानधन, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर होत्या आणि त्याही आयाच आहेत. पाळणाघराला वेगळं माणूस आणि त्याला पुरा पगार, हे ठरावातच लिहा.

ठरावानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांना शिरोळ तालुक्यातलं हेरवाड दाखवा. नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं ही प्रथा बंद करायचा ठराव त्या गावानं 4 मे 2022 ला केला. 17 मे ला राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तेरा दिवसांत शिरोळचा कागद मंत्रालयाला हलवू शकला.

आणि पुढाऱ्यांनो, तुमचं प्रत्येक भाषण शाहू महाराजांच्या नावानं सुरू होतं. महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. रयतेच्या पोरांची जबाबदारी दरबारानं घ्यायची असते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. धाकट्याला सांभाळायला थोरली घरी बसते, तेव्हा तुम्ही त्या कायद्यालाच हरताळ फासता.

बायांनो, पुढच्या मांडवात वाण घ्या, हळदीकुंकू लावून घ्या आणि माईक हातात आला की एवढंच विचारा: मी कामावर गेल्यावर पोरगं कुठं ठेवू? उत्तर लेखी मागा. आणि आपल्या गावातली महिला सभा कधी आहे, ते ग्रामपंचायतीत उद्याच विचारून या.