मसाई मारावाले नाना

थर्मलमधून रिटायर झालेला माणूस परळीत ओळखायला सोपा. सकाळी वैद्यनाथाचं दर्शन, मग हॉटेलात चहा आणि चहासोबत 1971 साली पहिला संच सुरू झाला तेव्हापासूनच्या गोष्टी. अलीकडे याच कुळात एक नवी जात निघाली आहे : केनिया करून आलेले नाना. बारा ज्योतिर्लिंगं झाली, चार धाम झाले, मुलगा पुण्याला आयटीत लागला आणि त्यानं एका ऑगस्टात आईवडिलांना टूरमध्ये बसवून दिलं. तेव्हापासून नाना परळीत राहतात, एवढंच.

भर एप्रिलात अंगात सतरा खिशांचं खाकी जाकीट असतं. वरच्या खिशात पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड, तेही लॅमिनेट केलेलं. "हे नसलं तर परत आल्यावर सहा दिवस कोंडून ठेवतेत," असं ते आधारकार्ड मागणाऱ्यालाही सांगतात.

नानांचा सिंह पोळ्याला गाडीपासून शंभर फुटांवर होता. दिवाळीत वीस फुटांवर आला. महाशिवरात्रीच्या जत्रेपर्यंत त्याचा पंजा बॉनेटवर होता. स्वयंपाकघरातून काकू सांगतात, "झोपला होता मेला. आपण होतो तवर कूस बी बदलली नाही." सिंह दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, हे नानांना पाठ आहे, पण ते दुसऱ्यांनी पाहिलेल्या सिंहांबद्दल.

सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा हे तिथले 'बिग फाइव्ह'. पायी शिकार करायला सगळ्यांत अवघड म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी ही नावं निवडली. पुढे शिकारी गेले, कॅमेरे आले, यादी तीच राहिली. बारा ज्योतिर्लिंगं पुरी करणाऱ्या माणसाला पाच जनावरं म्हणजे किरकोळ काम. पण बिबट्यानं दगा दिला. झाडावरून लोंबणारी नुसती शेपटी दिसली. नानांनी ती पूर्ण बिबट्या म्हणून जमा धरली. चित्त्याला बिबट्या म्हणणाऱ्याची मात्र गय नाही. "डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ दिसली की चित्ता! 2022 ला नामिबियातून कुनोला आणले, ते."

त्यांचा हुकमी विषय म्हणजे महास्थलांतर. परवा हॉटेलात तो रंगला होता. "दहा लाखांच्या वर विल्डबीस्ट! पाऊस पडंल तिकडं चाऱ्यामागं निघतेत. टांझानियातल्या सेरेंगेटीतून केनियात. लेकरं, म्हातारी, सगळा लोंढा. जगातून लोक बघायला येतेत!"

बाजूला ऊसतोडीचा एक गडी बशीत चहा ओतत होता. म्हणाला, "मंग त्यासाठी इमानात कशाला बसलात, नाना? दिवाळी झाली की आमच्या तांड्यावर या. लेकरंबाळं, बैलं, भांडीकुंडी, समदं निघतंय सांगली-कोल्हापूरकडं."

"अरे, तसं नाही. मधी मारा नदी असती. नदीत मगरी टपलेल्या!"

"हायेत की आमच्याकडं बी. मुकादम म्हणतेत त्यांला. आधी उचल देतेत, मग धरतेत."

हॉटेल खदखदून हसलं. कोपऱ्यातला मुकादमसुद्धा हसला. नानांनी जाकिटाचे चार खिसे चाचपले, पाचव्यातून मोबाइल काढला आणि गड्यापुढे धरला.

"ते राहू दे. हा जिराफ बघ."