पातळ घाटल्याचे शास्त्रोक्त निवारण

घाटलं पातळ होणं ही घटना सरकारने अजून आपत्तींच्या यादीत घेतलेली नाही. वेंगुर्ल्यात मात्र ती भाद्रपदात, नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी आणि नेमकी पाहुण्यांसमोर घडते. पानावर घावन वाढलेला असतो, शेजारी घाटल्याचा डाव पडतो, आणि ते घाटलं जागेवर न थांबता अळूच्या भाजीची विचारपूस करून पानाच्या कडेकडे निघतं. मग चौकशी सुरू होते. नारळ कोवळा होता, रस मिक्सरवर काढला, पाणी जास्त पडलं, अशी सगळी बोटं नारळाच्या रसाकडे जातात. या मार्गदर्शनाचं म्हणणं असं की आरोपी चुकीचा पकडला आहे. नारळाच्या रसाने घट्ट होण्याचं वचन कधी दिलेलंच नव्हतं. गाईच्या दुधाची गोष्ट निराळी. त्यातली प्रथिनं उष्णतेने किंवा आंबटपणाने एकमेकांना धरतात आणि पाण्याला आत कोंडतात, म्हणून चीक वाफवला की खरवस होतो आणि विरजण लागलं की दही. नारळाच्या रसात मुख्यतः पाणी आणि स्निग्धांश. प्रथिनं थोडी, आणि तीही ८० अंशांच्या आसपास गोळा होऊन रसाला फोडायलाच मदत करतात. परदेशात झटपट पुडिंगच्या पाकिटात बदामाचं किंवा सोयाचं दूध ओतून तासन्‌तास फ्रीजकडे बघत बसणाऱ्यांची फसगत याच जातीची आहे. त्या पाकिटातले फॉस्फेट क्षार दुधातल्या केसीनला हाताशी धरून काम करतात. केसीनच नसेल तर ते तरी काय करणार?

तेव्हा घाटल्याचा सगळा भार तांदळाच्या पिठावर आहे, आणि चौकशी त्याचीच झाली पाहिजे. पिठातल्या पिष्टाचे कण गरम रसात पाणी पिऊन फुगतात. हे काम साधारण ७० अंशांपुढे रंगात येतं, पण पुरं व्हायला मिश्रण काही मिनिटं रटरटावं लागतं. पहिला बुडबुडा दिसताच टोप उतरवणाऱ्याने घाटलं केलेलं नसतं, पीठ गरम केलेलं असतं. पीठ कुठल्या तांदळाचं, हेही महत्त्वाचं. रोजच्या जेवणात उकडा तांदूळ कितीही प्रिय असला तरी त्याचं पिष्ट भात गिरणीत जाण्याआधीच एकदा उकडून निघालेलं असतं, आणि ते सुरय तांदळाच्या पिठाइतकं फुगत नाही. म्हणून पीठ सुरय तांदळाचंच, चार वाट्या रसाला सुमारे अर्धी वाटी, आणि ते गार पातळ रसात कालवून घ्यायचं. क्रमही ठरलेला आहे: आधी दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याच्या पातळ रसात पीठ शिजवायचं, मग गूळ, मीठ आणि हळदीचं पान, आणि पहिला जाड रस अगदी शेवटी, मंद आचेवर. इथे हरकत येते की आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गूळ आधी रसात विरघळवतात आणि घाटलं उभं राहतं. राहतं, यात शंका नाही. गोडाने पिष्टाचं फुगणं लांबतं, थांबत नाही. त्या पिढ्यांकडे चूल होती आणि दुपारभर वेळ होता. ज्यांच्याकडे गॅस आणि दाराशी थांबलेली रिक्षा आहे त्यांनी गूळ नंतर घालावा. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: शेवटी जाड रस घातला की घट्ट झालेलं पुन्हा सैल होतं. होतंच. गूळ विरघळला की आणखी होतं. म्हणून पहिल्या टप्प्यावर मिश्रण हवं त्याहून घट्ट, जवळजवळ काळजी वाटावी इतकं घट्ट असायला हवं.

एवढं करूनही घाटलं पातळ राहिलं, तर पहिली कृती म्हणजे कोणतीही कृती न करणं. स्वयंपाकघरात याच क्षणी मागून आवाज येतो, ‘‘वाईच पीठ घाल गे!’’ हा सल्ला देणाऱ्या व्यक्तीला आदराने पाट मांडायच्या कामाला लावावं. गरम रसात पडलेलं कोरडं पीठ बाहेरून चटकन शिजतं, आत कोरडंच राहतं, आणि पातळ घाटल्याच्या जागी गुठळ्यांचं पातळ घाटलं मिळतं. शिवाय शिजलेलं पिष्ट खरं आवळतं ते निवताना. उकळत्या टोपावरून निकाल देणं घाईचं. चमचाभर घाटलं गार ताटलीवर टाकून पाच मिनिटांनी ताटली तिरकी करावी आणि मगच गरज असल्यास गार पाण्यात कालवलेलं पीठ थोडंथोडं सोडून पुन्हा रटरटवावं. चाखून बघायचं नाही. नैवेद्य उष्टा करू नये हा नियम शास्त्रातला, पण त्याची रसायनशास्त्राशी गाठ अनपेक्षितपणे घट्ट आहे. माणसाच्या लाळेत पिष्ट तोडणारं अमायलेज असतं, आणि चाखलेला चमचा निवत्या घाटल्यात परत बुडवणारा भक्त ते पातळ करण्याच्या कार्यास हातभार लावतो. नास्तिकांनीही इथे सोवळं पाळावं.

आता काजू. वेंगुर्ल्यात १९५७पासून फळ संशोधन केंद्र आहे, आणि वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या नावांनी इथली काजूची रोपं दूरदूरच्या बागांत उभी आहेत. काजूच्या गरात स्निग्धांशाबरोबर पिष्टही असतं, त्यामुळे भिजवून गंधासारखा वाटलेला काजू तापल्यावर घाटल्याला धरतो, आणि रसाची चवही बिघडवत नाही. यावर परंपरेचे रक्षक म्हणतील की घाटल्यात काजू कधी नव्हता. खरंच नव्हता, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणण्याआधी तो कोकणातच नव्हता. चारशे वर्षांहून अधिक काळ राहिलेल्याला टोपात शिरायला मज्जाव करणं जरा कडकच झालं. कस्टर्ड पावडरची वकिली मात्र इथे होणार नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती १८३७मध्ये बायकोला अंडी सोसत नाहीत म्हणून केली. हेतू थोर, युक्तीही तीच, अंड्याऐवजी पिष्ट. पण व्हॅनिलाचा वास आणि हळदीचं पान एका टोपात नांदत नाहीत.

सगळे उपाय हरले तर एक प्रशासकीय उपाय उरतो. शिरवाळ्यांबरोबर गुळाचा नारळरस पातळच लागतो. तेव्हा साचा काढावा, शिरवाळे पाडावेत आणि टोपातल्या पदार्थाची त्या पदावर बदली करावी. यात पिठाची चव लागते, अशी तक्रार जाणकार करतील. त्यांना आधी वाढा, भरपूर वेलची घालून वाढा, आणि जेवणं आटोपेपर्यंत ‘घाटलं’ हा शब्द घरात कुणाला उच्चारू देऊ नका.