कूलरचा कू

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कूलर एकच होता आणि तो दुरुस्त करू शकणारा मास्तरही एकच. विज्ञानाचे सर बाष्पीभवनाने हवा थंड का होते ते फळ्यावर बाण काढून फार सुंदर समजावून सांगत. पण पाणी खसवर चढवायची वेळ आली की सगळी स्टाफरूम मराठीच्या मास्तराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघायची. नागपुरात हे काम हलकं समजू नये. २०१३ च्या २३ मेला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी मी गल्लीतल्या चार घरांचे कूलर उघडले आणि चारही घरी मला आंब्याचं पन्हं मिळालं. अलंकार आणि समास शिकवून इतकी वर्षं झाली, कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं.

निवृत्तीनंतर हा मान ओसरू लागला. तेव्हा भाचा म्हणाला, "मामाजी, तुम्ही हे सगळं यूट्यूबवर काहून नाही टाकत? लोक पाहून पाहून करतील ना."

म्हणून गॅलरीत कूलर उघडा करून आम्ही व्हिडिओ काढला. एकोणीस मिनिटांचा झाला. शीर्षक मी स्वतः दिलं: 'जलशीतक यंत्राची वार्षिक निगा व त्यातील काही तत्त्वे'. पहिली सहा मिनिटं 'रसिकहो' पासून सुरू होऊन यंत्र या शब्दाच्या व्युत्पत्तीवर गेली. पुढे वाचनात आलं की यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, जावेद करीम यांनी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून काढून घेतलेला, एकोणीस सेकंदांचा होता. त्या गृहस्थाने एकोणीस सेकंदांत हत्ती उरकले. मला तेवढ्यात चष्मासुद्धा पुसता येत नाही.

महिना होता डिसेंबर. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलेलं, सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे आणि गाड्यांचे ताफे, लोक स्वेटर घालून तर्री पोहे खात होते. अशा दिवसांत आम्ही कूलर जगापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा होता चार. त्यातले दोन आम्ही दोघं.

इथून सल्लागार सुरू झाले. आपल्याकडे आजारपण, लग्न आणि व्हिडिओ या तीन गोष्टींवर सल्ला द्यायला पात्रता लागत नाही.

पहिला मान भाच्याचा. त्याच्या मते सगळी जादू टॅगमध्ये असते. टॅगच्या डब्यात पाचशे अक्षरं मावतात. त्याने ती काठोकाठ भरली. कूलर, नागपूर, ऑरेंज सिटी, सावजी मटण, संत्रा बर्फी, ताडोबाचा वाघ, डॉली चायवाला, बिल गेट्स.

"अरे, बिल गेट्सचा आणि आपल्या पंपाचा संबंध काय?"

"संबंध कोण विचारून राहिलं मामाजी? नाव चाललं पाहिजे."

मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून मी यूट्यूबची मदतीची पानं वाचायला घेतली. (भाच्यासकट सगळ्या कॉलनीत ती वाचणारा मी एकटाच निघालो.) तिथे सरळ लिहिलंय की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी किरकोळ असतो. वजन असतं ते शीर्षकाला, बाहेरच्या चित्राला आणि वर्णनाला. टॅग मुख्यतः उपयोगी पडतात ते लोक ज्या शब्दाचं लेखन हमखास चुकवतात त्या शब्दासाठी. भलतीच नावं कोंबून बघणाऱ्याला फसवणं तर नियमाविरुद्धच. म्हणजे ज्या डब्यात आम्ही बिल गेट्सना बसवलं होतं, तो डबा मुळात अशुद्धलेखनाचा होता. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, तिच्यासाठी कॅलिफोर्नियात स्वतंत्र जागा राखून ठेवली आहे, हे पचायला मला दोन दिवस लागले.

तोवर आमच्या हिने अमरावतीच्या बहिणीला फोन केला. बहीण कर्तबगार. तिने घरातले सगळे फोन गोळा केले, आवाज बंद करून आमचा व्हिडिओ लावला आणि रात्रभर चार्जिंगवर ठेवले. "पाण्याची मोटर लावून टाकी भरतो ना जी, तसंच आहे," असं तिचं म्हणणं. टाकी काही भरेना. एकाच घरातून तेच तेच पाहणं खरं धरायचं की नाही, हे यूट्यूबवाले फार आधीपासून तपासतात. एके काळी तर नव्या व्हिडिओचा आकडा ३०१ पाशी येऊन अडकून बसायचा. तिथवर भराभर मोजायचं आणि पुढे बघणारी खरी माणसं आहेत की यंत्रं हे ताडून पाहायचं, अशी रीत होती. २०१५ साली ती गेली. आमची काळजी निराळी होती. आम्हाला ३०१ वर अडकायला अजून २७० लोक हवे होते.

वरच्या मजल्यावरचे काकाजी निवृत्त तलाठी. त्यांनी जुना व्हिडिओ काढून नवा मुहूर्त पाहायला सांगितलं. "गुरुवारी संध्याकाळी, बरोबर सात वाजून बारा मिनिटांनी टाका." तलाठ्याला दुसरा कोणता मुहूर्त सुचणार? सातबाऱ्यावर नाव लागलं की मालकी पक्की, तसं सात बाराला टाकला की व्हिडिओ पक्का. व्हिडिओ टाकण्याच्या वेळेने त्याच्या दूरच्या भवितव्यात फरक पडतो असं दिसलेलं नाही, असं यूट्यूबच सांगतं. पण काकाजींनी चहा संपवून खिशातून पंचांग काढलं होतं, आणि शेजार टिकवायचा असतो. आम्ही सात बाराला टाकला. सात चौदाला आमच्याकडची वीज गेली.

मग एक फोन आला. पलीकडचा मुलगा फार आदराने बोलत होता. "सर, पाच हजारात पहिल्या पानावर आणून देतो. लेखी गॅरंटी." आता, पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या पानांवर लिहून ठेवलंय. मी हे त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, ते गूगल म्हणते. आम्ही थोडीच म्हणून राहिलो." या उत्तराला मी दहापैकी सात गुण दिले आणि फोन ठेवला.

या सगळ्यात जानेवारी उजाडला आणि एका सकाळी चमत्कार झाला. मी फोनवर 'जलशीतक' शोधलं तर सगळ्यात वर आम्ही! हिच्या फोनवर पाहिलं, तिथेही वर. अमरावतीला विचारलं, तिथे तर वरही आम्हीच आणि खालीही आम्हीच. भाचा उड्या मारत आला. सीताबर्डीवरून दोन किलो संत्रा बर्फी आणली, कॉलनीत वाटली. काकाजींना दोन वड्या जास्त दिल्या, कारण मुहूर्त त्यांचा. त्यांनी बर्फी तोंडात टाकत स्वतःच्या फोनवर शोधलं आणि चावायचे थांबले. तिथे आम्ही नव्हतोच. पाण्याच्या टाक्या होत्या, शीतगृहं होती, एक हिंदी प्रवचन होतं.

झालं होतं असं की यंत्र ज्याचं त्याचं पाहून उत्तर देतं. आधी काय शोधलं, काय पाहिलं, याचा शोधाच्या निकालावर परिणाम होतो. मी महिनाभर माझाच व्हिडिओ पाहत होतो; यंत्राचा समज झाला की या माणसाला हाच एक मास्तर आवडतो. आरशासमोर उभं राहून आपण गावात प्रसिद्ध झालो असं समजण्यातला हा प्रकार. ही म्हणाली, "अहो, बर्फीचे पैसे कुठल्या खात्यात लिहू?"

भाच्याने धीर सोडला नाही. "डॉलीचं झालं ना मामाजी! आपल्या सदरमधला चहावाला, टपरीवरून थेट बिल गेट्सच्या व्हिडिओत गेला." हे खरंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो व्हिडिओ आला आणि आपण कुणाला चहा पाजला हे डॉलीला नंतर कळलं, असं त्याने स्वतः सांगितलंय. तेव्हापासून नागपुरात मोबाईल हातात असलेल्या प्रत्येकाला आपणही एक चहा दूर आहोत असं वाटतं. पण मला यात एक खोच दिसते. डॉलीला कुणी शोधलं नव्हतं. लोक आपले बोटाने फोन सरकवत बसलेले असतात आणि तो चष्मा, ती केसांची झुलपं, ते उंचावरून पडणारं दूध अचानक समोर येतं. मग नजर हटत नाही. कूलरचं तसं नाही. रिकाम्या वेळी पंपाची जाळी पाहून कुणाचं मन रमत नाही. कूलर बंद पडतो, घामाने बनियन अंगाला चिकटते, लेकरू रडत असतं, तेव्हा माणूस शोधतो. एकाला गर्दी लागते, दुसऱ्याला गरजू. आम्ही गरजूंचा माल गर्दीत ओरडून विकत होतो, तोही थंडीत.

होळी झाली. नागपुरात होळी पेटली की दुसऱ्या दिवशी माळ्यावरून कूलर उतरतात. मी तर व्हिडिओ विसरलो होतो. चोवीस तासांत चालला नाही तो मेला, असं भाच्याने जाहीर केलंच होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो धावत आला. मेलेला व्हिडिओ उठून बसला होता. थोडाच, पण रोज, न चुकता वर सरकत होता. शोधणारे आले की जुन्या व्हिडिओलाही पाय फुटतात.

बघणारे काय शोधत आमच्यापर्यंत आले याची यादी यूट्यूब दाखवतं. ती पाहिली आणि मला परीक्षेच्या उत्तरपत्रिका आठवल्या. 'कुलर चा मोटर पाणि नाही फेकत'. 'कुलर थंडा हवा काहून देत नाही'. 'कूलर पानी नहीं चढ़ा रहा'. कुणी रोमन लिपीत, कुणी अर्धं हिंदी, बहुतेकांनी बोलतात तसंच लिहिलेलं. वर्णनात भाच्याने माझ्या नकळत 'कूलर पंप' हे दोन शब्द टाकले होते, बहुधा त्यांच्या आधाराने ही मंडळी पोचली. 'जलशीतक' हा शब्द त्या यादीत एकदाही नव्हता. काकाजींनी शोधला होता, पण त्यांना आम्ही सापडलो नाही.

मी लाल पेन घेऊन बसलो. कु दीर्घ केला, णि दीर्घ केला, 'चा मोटर' चं 'ची मोटर' केलं. अर्धं पान लाल झाल्यावर जाणवलं की ही उत्तरं नव्हेत, हे प्रश्न आहेत. आणि प्रश्न शुद्ध असायची गरज नसते. चौतीस वर्षं वर्गात प्रश्न मी विचारले आणि उत्तरं मुलांनी दिली. इथे सगळं उलटं झालेलं.

दुसरा आकडा जास्त बोचरा होता. लोक सरासरी बावीस सेकंद थांबत होते. बावीस सेकंदांत मी 'रसिकहो' म्हणून खाकरलेला असे. किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ टिकून पाहिला याला यूट्यूबने २०१२ पासूनच जास्त किंमत द्यायला सुरुवात केली. हे ऐकताच भाचा म्हणाला, "म्हणजे व्हिडिओ लांब पाहिजे! एक तासाचा करू ना." मी म्हटलं, विष्णू मनोहरांनी २०१७ साली याच नागपुरात सलग पन्नास तासांहून जास्त स्वयंपाक केला, तेव्हा लोक जेवायला तरी थांबले. माझ्या पंपापुढे कोण थांबणार? लांबी महत्त्वाची नव्हतीच. उकाड्यात बसलेल्याचा जीव किती वेळात थंड होतो, एवढाच सवाल होता.

दुसरा व्हिडिओ केला. चार मिनिटांचा. प्लग काढा. टाकी रिकामी करा. पंपाच्या तळाची जाळी उघडा. आत खसची काडी आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. आतली चकती बोटाने फिरते का पाहा. फिरली तर पैसे वाचले. नाही फिरली तर नवा पंप आणा, मास्तराला शिव्या देऊ नका. व्युत्पत्ती नाही, रसिकहो नाही. शीर्षक: 'कूलरचा पंप पाणी फेकत नाही? आधी हे करा'. कू दीर्घ. चुकीची सगळी रूपं, सतरा प्रकारचे कुलर, मी स्वतःच्या हाताने टॅगच्या डब्यात भरले. तिथे ते कुणाला दिसत नाहीत. शेवटी अब्रूचा प्रश्न आहे.

बाहेरचं चित्र मात्र भाच्याने केलं. त्याला त्यावर '५६ अंशांत गारेगार' लिहायचं होतं. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बोभाटा झाल्यावर यंत्रच बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला. बिघडलेल्या यंत्राचा आकडा बिघडलेल्या यंत्राच्या व्हिडिओवर नको, असं मी निक्षून सांगितलं. तो कुरकुरला, पण त्याने बदललं. आकडा गेला एवढं पाहून मी मान हलवली, अक्षरं वाचली नाहीत.

व्हिडिओ चालला. डॉलीसारखा नाही, कूलरसारखा चालला. संथ, घरघर करत, पण न थांबता. नवतपा लागला तेव्हा रोज चार-पाच निरोप येऊ लागले. वर्ध्याहून एकाचा पंप सुरू झाला, भंडाऱ्याहून एका ताईंनी टूथब्रशचा फोटो पाठवला, कामठीच्या एका गृहस्थांनी कूलर सोडून जावयाविषयीच लिहिलं. मी प्रत्येकाला पूर्णविरामासकट उत्तर देत होतो.

मेच्या शेवटच्या दुपारी एक निरोप आला. वर ओळखीचं आडनाव, १९९८ च्या दहावीच्या तुकडीतलं. व्हरांड्यातल्या खांबाशी सगळ्यात जास्त तास उभं राहिलेलं पोरगं.

"नमस्कार सर. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. पंप चालू झाला, घरचे खूश आहेत. फक्त बाहेरच्या चित्रावर 'कुलर' लिहिलंय. कु ऱ्हस्व आहे सर."

मी फोन ठेवला, चष्मा काढला आणि गॅलरीत जाऊन थोडा वेळ उन्हात उभा राहिलो.