कोपरा कुठाय?

दुधाच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचणारी माणसं तुमच्या गल्लीतही असतील. चष्मा कपाळावर, पिशवी ट्यूबलाइटकडे धरलेली. पुनर्खरेदी किंमत पन्नास पैसे! मग ती पिशवी उलटी करून धुतात, दोरीवर चिमटा लावून वाळत घालतात आणि चार-सहा जमल्या की दुकानात नेतात. सांगलीजवळच्या माधवनगरात स्टेशनकडून या नाहीतर बुधगावकडून, या माणसांचं दुकानात होणारं स्वागत एकाच पद्धतीचं.

"काका, कोपरा कुठाय?"

दूध काढताना कात्रीनं उडवला तो कोपरा. हा पन्नास पैशांचा नियम ज्यातून आला, त्या मार्च 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत या कोपऱ्याबद्दल काही असल्याचं कुणी दाखवत नाही, पण दुकानदाराच्या मनात तो कायम आहे. पिशवी अखंड पाहिजे. म्हणजे दूध पिशवीतून काढायचं, पण पिशवी कापायची नाही. हा चमत्कार जमणारा माणूस आठ आण्यांसाठी दुकानात कशाला येईल? तो मठ काढेल.

पण काका हरत नाहीत. घरात फर्मान सुटतं: कोपरा अर्धवट कापायचा, लोंबता ठेवायचा. तसं करायला हरकत नाही, कारण तो चिमुकला तुकडाच आधी गटारात जातो. पण काकूंना पहाटे चहाची घाई, त्या दातानं टोक तोडतात आणि तोडलेलं टोक मोरीत. काका मोरीची जाळी काढून बसतात. सापडलेले कोपरे जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात जमा होतात, आणि रविवारी दुपारी कोपरे आणि पिशव्या जुळवायचा कार्यक्रम. गाईच्या पिशवीला म्हशीचा कोपरा चालत नाही, रंग वेगळा. एक कोपरा उरतोच, त्याची पिशवी सून माहेरी चटणी बांधून घेऊन गेलेली असते. तिला फोन जातो. चटणी काढ, पिशवी पाठव. सून पिशवी पाठवते, कुरियरनं, आणि पावती काकांच्या नावावर. एवढं करून मोरी तुंबतेच, कारण सगळे कोपरे काही सापडत नाहीत. मोरी काढणारा दोनशे रुपये घेतो. चारशे पिशव्या गेल्या.

आता समजा, कोपऱ्यासकट पिशवी दुकानात पोचली. आठ आणे द्यायचे कसे? 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बाद झाली. आठ आण्यांचं नाणं कायद्यानं जिवंत आहे, पण ते कुठल्याही गल्ल्यात दिसत नाही. दुकानदार म्हणतो, उद्या अजून एक आणा, मग गोळी देतो. गोळी रुपयाची. तिला प्लॅस्टिकचं वेष्टन. त्याची पुनर्खरेदी नाही.

त्याच अधिसूचनेत बंदी घातलेली पिशवी हातात दिसली तर पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड. चूक केली तर पाच हजार, नियम पाळला तर गोळी. शिवाय त्यात एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीला पुनर्खरेदीचा एक रुपया ठरला होता आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीला दोन. मोठी घेतली तर निम्मं! लहान बाटल्यांचा कचरा जास्त, म्हणून तसं, हे कळतं. पण काउंटरवर हे कोण कुणाला समजावणार? जर्मनीत बाटली घेतानाच 25 सेंट जादा घेतात आणि रिकामी बाटली यंत्रात टाकली की परत देतात. निलगिरीत दारूच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन रिकामी आणली की परत करायला 2022 पासून सुरुवात झाली. तिथे आधी पैसे घेतात, मग देतात. आमच्या दुकानात ठेव म्हणून कुणी काही घेतलेलंच नाही, मग परत कोण देणार? छापणाऱ्यानं छापलं, विकणाऱ्यानं विकलं, धुणारी बाई मात्र नळाला पाणी असेल-नसेल तरी पिशव्या धुतेय. तिनं का धुवायच्या? कुणासाठी?

गोळी सोडाच्या बाटलीचा हिशेब ज्यांनी आयुष्यभर तोंडी ठेवला, त्या गाडीवाल्यांना हे विचारावं. बाटली इथंच प्या, नाहीतर पैसे ठेवून जा. संपला विषय. आणि भंगारवाला? तो कोपरा विचारत नाही. काट्यावर पोतं चढवतो आणि रोख देतो. त्याच्याकडे पिशवीवरचं बारीक अक्षर वाचणारा आजवर कुणी दिसला नाही.

आणि कार्यालयातली लग्नं! ताटाला एक बाटली. दोन घोट पिऊन खुर्चीखाली. वरबाप फेट्यात घामेजून अक्षता मोजतोय आणि पायाखाली पुनर्खरेदीचे पैसे लोळताहेत. उचलायला कुणी वाकेल? पंगत उठल्यावर झाडणारी मावशी प्रत्येक बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतते, बाटली पायानं चेपते आणि पोत्यात टाकते. त्या पोत्याला किलोनं भाव मिळतो. छापील किंमत द्यायला मंडपात कुणीही थांबलेलं नसतं.