तेहतीस नग आणि पाण्याचा दिवस

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका घरात गेल्या महिन्यात क्रांती झाली. यापुढे आपण फक्त ३३ कपड्यांत राहणार, असं काकूंनी जाहीर केलं. काकांना आनंद झाला, पण तो रात्रीपुरताच टिकला. ते ३३ कपडे आणायला दुसऱ्या दिवशी प्रोझोन मॉलला जायचं ठरलं होतं. घरातले चालणार नाहीत का? नाही. ते एकमेकांना शोभत नाहीत. नवे सगळे बिस्किटी रंगाचे हवेत.

हा ३३चा आकडा अमेरिकेचा. कोर्टनी कार्व्हर यांनी २०१० साली ‘प्रोजेक्ट ३३३’ सुरू केला: तीन महिने, ३३ नग, चपला-दागिन्यांसकट. त्याआधी १९७०च्या दशकात लंडनच्या सूझी फॉ यांनी मोजक्या कपड्यांच्या ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ची कल्पना मांडली आणि १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी सात कपड्यांत बाईचं सगळं भागेल असा संग्रह बाजारात आणला. दोघींचाही धंदा कपडे विकण्याचा, ही गोष्ट काकांनी हळूच नोंदवली. काकूंनी ती ऐकली नाही.

अडलं ते साडीपाशी. साडी, परकर, ब्लाउज हा एक नग की तीन? नियमांत लग्नाची अंगठी मोजत नाहीत. मंगळसूत्राबद्दल कार्व्हरबाई गप्प आहेत. आणि आहेराचा गठ्ठा? गुलमंडीतून निघालेली साडी घडी न मोडता जालन्याच्या लग्नाला जाते, परभणीच्या बारशाला हजेरी लावते आणि तीन वर्षांनी काकूंच्याच ओटीत परत येते. तिला कपडा म्हणायचं की चलन, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेकडेच पाठवायला हवा.

पण योजनेची खरी परीक्षा घेतली नळानं. पैठणला नाथसागर आहे, जायकवाडीची क्षमता शंभर टीएमसीच्या वर आहे, आणि शहरातल्या कॅलेंडरवर मात्र एकादशीच्या शेजारी ‘पाण्याचा दिवस’ लिहावा लागतो. धुणं त्याच दिवशी. पाण्याचा दिवस पुढे सरकला की बिस्किटी कुर्ते बादलीत बसून राहतात आणि काकू आहेरातली साडी काढतात. अमेरिकेतल्या ३३ नगांमागे रोज वाहणारा एक नळ आहे. तो मोजायचा राहून गेला.

एका सुती शर्टामागे कापसाच्या शेतापासून सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, असा आकडा जगभर सांगतात. म्हणजे हजार लिटरच्या जवळजवळ पावणेतीन टाक्या. मराठवाड्यातला कापूस बराचसा पावसाच्याच भरवशावर, त्यामुळे हिशेब तंतोतंत लागू नाही. तरी टँकरसाठी भांडणारं घर सेलमध्ये ‘तीनवर दोन फुकट’ घेऊन येतं, तेव्हा गच्चीवरच्या टाकीला काय वाटत असेल कोण जाणे.

गंमत म्हणजे मोजक्या कपड्यांचे जुने तज्ज्ञ इथून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याला राहत होते. भिक्खूला चीवरं तीन. ‘चुल्लवग्ग’ या बौद्ध ग्रंथात एक गोष्ट आहे. उदेन राजाच्या राण्यांनी बुद्धांच्या शिष्याला, आनंदाला, पाचशे चीवरं दिली. राजा चिडला: एवढ्या कपड्यांचं हा करणार काय, दुकान काढणार? आनंद म्हणाला, ज्यांची विरली त्यांना देईन. आणि त्यांची जुनी? त्यांचे पलंगपोस. मग? गादीचे अभ्रे. मग अंथरणं, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडकी फाटल्यावर ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायची. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी पाचशे दिली.

काकूंच्या सासूबाईंनी चुल्लवग्ग वाचलेला नाही. पण त्यांच्या हिशेबात लुगड्याची दुपटी होतात, मग वाकळ, मग पायपुसणं आणि शेवटी पोतेरं. साखळी तीच, फक्त राजा नाही. आता ती तुटली आहे, कारण पॉलिस्टरच्या कुर्त्याचं पोतेरं होत नाही. तो फाटत नाही, विरत नाही, पाणी टिपत नाही. नुसता कंटाळवाणा होतो.

काकूंनी बाद केलेले ६१ नग बोहारणीसमोर मांडले. तिनं दोन बोटांत एक टॉप धरला, चुरगाळला, सोडला.

“हे न्हाई चालत, ताई. पाणी पीत न्हाई हे कापड. समद्याची मिळून एक चाळणी देते.”

“एवढ्याची फक्त चाळणी?”

“ते आज्जीचं वाळत घातलेलं पातळ द्या. झाकणासकट पातेलं देते.”

आजी दोरीकडे गेल्या, पातळ ओलंच काढलं आणि आत नेलं. चाळणीवर सौदा तुटला. सध्या कपाटात ३३ नग आहेत, माळ्यावर ६१.